एका सुताराच्या मुलीचा प्रबंध

आमच्या गांवच्या एका सुताराची मुलगी शहरांत राहून वृत्तपत्रविद्येंत एम्. ए. करीत आहे. चौथीपर्यंत ती माझ्या हाताखालीं शिकली. जिनें बाराखडी माझ्यापुढें गिरवली ती पोर एवढ्या वर पोंचली, हें पाहून ट्रेनिंग कॉलेजाच्या दोन वर्षांच्या शिदोरीवर जन्म काढणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरास काय वाटतें तें सांगावयास नको. दिवाळीच्या सुटींत ती गांवीं आली ती थेट माझ्या ओसरीवर आली, आणि तिच्या मागोमाग तिचा बापहि आला. बाप पायरीशीं चपला काढून उभाच राहिला. मुलगी म्हणाली, "गुरुजी, प्रबंधाचा विषय ठरवायचा आहे. प्रांत ठरला आहे, पण नेमका विषय धरतां येत नाहीं." प्रांत कोणता म्हणून विचारलें, तेव्हां तिनें मान खालीं न घालतां सांगितलें, "वर्तमानपत्रें, सिनेमा, टीव्ही यांत लैंगिक आरोग्य कसें दाखवलें जातें, तो." मान खालीं घातली ती बापानें.

जरा वेळानें तो म्हणाला, "गुरुजी, शिकूं द्या, माझी ना नाहीं. पण उद्यां सोयरे विचारतील, पोरगी कशांत एम्. ए. झाली, तर मी काय सांगूं? दुसरा कांहीं विषय नाहीं का? शेतीचा, पाण्याचा?"

वाचकहो, या बापाला हंसूं नका. त्यानें मुलीच्या फीपायीं सोसायटीचें कर्ज काढलें आहे, भाऊबंदांचीं बोलणीं खाल्लीं आहेत, आणि दोन वर्षांत तिचें लग्न करावयाचें आहे. अशा माणसाला लाजेची किंमत पैशांत मोजावी लागते. तेव्हां त्याचा प्रश्न रास्त आहे. त्या दिवशीं त्या दोघांशीं जें बोलणें झालें आणि मागून मला जें सुचलें, तें मी येथें लिहितों. कारण हा प्रश्न एकट्या त्याच्या घरचा नाहीं.

मुलीच्या वहींत तीन विषय लिहिलेले होते. पहिला, टीव्हीवरील निरोधच्या जाहिराती. सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें त्या सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत दाखवूं नयेत असें फर्मान काढलें आणि पुढें थोड्याच दिवसांत, ज्या जाहिराती अश्लील नाहींत त्यांना ही बंदी नाहीं, असा खुलासा करण्याची पाळी त्याच सरकारवर आली. दुसरा, हिंदी सिनेमा. तिसरा, मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकांत डॉ. महिंदर वत्स यांनी चालवलेलें प्रश्नोत्तरांचें सदर. ऐंशी वर्षें उलटल्यावर या गृहस्थांनीं तें सदर हातीं घेतलें आणि २०२० सालीं वारले तोंवर लोकांच्या मनांतल्या भीतीला सरळ, थोडक्यांत व चेष्टेच्या सुरांत उत्तरें दिलीं. माणूस मोठा खरा.

तिन्ही विषय वाईट नाहींत. पण मीं तिला एकच विचारलें: "बाई, तें इंग्रजी पत्र आपल्या गांवांत किती घरीं येतें?" ती हंसली. एकाहि घरीं येत नाहीं. मग आपल्या गांवांत या विषयावर माणसें वाचतात तरी काय? न्हाव्याच्या दुकानांत येणाऱ्या मराठी दैनिकाच्या आंतल्या पानावरील छोट्या जाहिराती. एस्. टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर चिकटवलेलीं कागदाचीं चिटोरीं. महामार्गाच्या कडेला पडलेल्या जडीबुटीच्या तंबूवरचा फलक. उपकेंद्रांतील कुटुंबनियोजनाचें चित्र. आणि आतां पोरांच्या हातांतला मोबाईल, ज्याच्यावर कोण काय दाखवतो याला कांहीं धरबंद नाहीं. आमच्या कुणब्या-सुतारांच्या घरचें लैंगिक शिक्षण म्हणाल तर तें हें एवढेंच आहे. विद्यापीठांतील अध्यापक ज्याला 'माध्यमें' म्हणतात, त्यांत ही मुतारीची भिंत येते कीं नाहीं मला ठाऊक नाहीं. पण आली पाहिजे.

त्या छोट्या जाहिराती काय करतात, तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमच्या गांवचा एक तरुण, नांव सांगत नाहीं, अंगानें धट्टाकट्टा, नांगरटीला कोणाला न हार जाणारा. लग्न ठरलें आणि पोरगा वाळूं लागला. रात्रीं झोपेंत धातु जातो, ही त्याची चिंता. जाहिरातींत त्यानें वाचलें होतें कीं यानें शरीर पोखरतें, नपुंसकता येते, संसार मोडतो. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब धातु, हा हिशेब तर आमच्याकडे आजे-पणजेहि सांगत आले. तो तंबूंत गेला. तेथें त्याची नाडी पाहून त्याला सांगण्यांत आलें कीं, दोन महिने उशीर झाला असता तर इलाज नव्हता. भस्म, तेल, पुड्या. पहिल्या खेपेला पांच हजार, दुसऱ्या खेपेला त्याहून अधिक. शेवटीं बापाला न विचारतां त्यानें दुभती म्हैस बाजारांत नेऊन विकली. लग्नानंतर महिनाभर तो राखणीच्या निमित्तानें मळ्यांतच झोपूं लागला. सुनेच्या माहेरची माणसें बैठकीला आलीं. अखेर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांतील एका डॉक्टरानें त्याला समोर बसवून दहा मिनिटांत सांगितलें कीं, तुला कोणताहि रोग नाहीं. वयांत आलेल्या पुरुषाला झोपेंत असें होणें स्वाभाविक आहे, त्यानें रक्त कमी होत नाहीं, ताकद जात नाहीं, पुरुषत्वाला धक्का लागत नाहीं. शरीरांत बीज सारखें तयार होत असतें. तें सांठवून ठेवण्याची कांहीं तिजोरी नाहीं.

डॉक्टरी शास्त्राला हें दुखणें परकें नाहीं. डॉ. नरेंद्र विग यांनीं १९६० सालींच या भीतीच्या दुखण्याला 'धात सिंड्रोम' असें नांव दिलें. म्हणजे धातु गेल्यानें नव्हे, तर धातु गेल्याच्या भीतीनें माणूस खंगतो, हें दवाखान्यांत साठ वर्षांपासून माहीत आहे. न्हाव्याच्या दुकानांत तें अजून पोंचलें नाहीं; तेथें पोंचली ती भीति. म्हैस गेली ती त्या भीतीपायीं.

आतां कायद्याचें ऐका. १९५४ सालीं औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. लैंगिक सुखाची शक्ति वाढवूं, राखूं, म्हणून कोणत्याहि औषधाची जाहिरात करणें त्यानें गुन्हा ठरवलें. स्त्रियांची पाळी सुधारण्याच्या औषधाची जाहिरात, गुप्तरोग व नपुंसकता बरी करण्याची जाहिरात, याहि त्यांतच येतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही; पुन्हां केला तर वर्षापर्यंत. आणि लक्षांत घ्या, जाहिरात देणाराच नव्हे, तर ती प्रसिद्ध करण्याच्या कामांत भाग घेणारा कोणीहि यांत सांपडतो. मग अग्रलेखांत समाजाला शहाणपण शिकवणाऱ्या पत्राच्या आंतल्या पानावर हा मजकूर कसा येतो? येतो, कारण त्याचे पैसे रोख मिळतात आणि ज्याची म्हैस गेली तो फिर्याद करीत नाहीं. फिर्याद करायची म्हणजे आपलें गुपित पोलीस पाटलापासून तालुक्यापर्यंत सांगायचें. ठकाची सारी मदार आमच्या लाजेवर आहे.

याच्या उलट बाजू पहा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ च्या जुलैंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ सालीं मरेपर्यंत चालवलें. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषांच्या शरीराचें ज्ञान, हें सारें मराठींत, उघड. त्यांच्यावर १९३१ सालीं अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालीं पुन्हां खटला. तो वाचकांनीं विचारलेल्या प्रश्नांना मासिकांत उत्तरें दिलीं म्हणून. त्या वेळीं त्यांच्या बाजूनें उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पुढें १९३८ सालीं आंबेडकरांच्या पक्षानें मुंबईच्या विधिमंडळांत संततिनियमनाचा ठराव आणला, तोहि फेंटाळला गेला. आणि ज्या काळांत कर्व्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्याच काळांत मुंबई इलाख्यांतील वर्तमानपत्रें धातुपुष्टीच्या गोळ्यांच्या व ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींनीं भरलेलीं असत. माहिती दिली तर दंड, भीति विकली तर नफा. यांत कोणतें पत्र कोणत्या जातीच्या मालकीचें होतें, हा वाद मी काढीत नाहीं. आमच्या वर्गाच्या पत्रांनाहि जाहिरातीचे पैसे लागतच होते, आणि आजहि लागतात.

हें ऐकून मुलगी वहींत भराभर लिहूं लागली. म्हणाली, "गुरुजी, मग या जाहिरातींवरच करतें." मीं म्हटलें, "थांब. जाहिराती कोणाशीं बोलतात?" ती म्हणाली, "पुरुषांशीं." बरोबर. खोटें का होईना, पुरुषाशीं कोणीतरी बोलतें. बाईशीं कोण बोलतें?

येथें मला गडचिरोलीची गोष्ट सांगावी लागली. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं तेथील दोन खेड्यांत ६५० बायांची तपासणी केली व ती १९८९ सालीं विलायतेंतील 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या पत्रांत छापली. शंभरांतल्या ९२ बायांना गर्भाशयाचें, योनीचें किंवा पाळीचें कांहीं ना कांहीं दुखणें निघालें. आणि त्यापूर्वीं या दुखण्यांसाठीं डॉक्टरी तपासणी झालेल्या बाया शंभरांत आठ. बाकीच्या सोसत होत्या. अंगावरून पांढरें जातें, कंबर तुटते, लघवीला जळजळ होते, पुरुषाजवळ जाण्याची भीति वाटते. आणि हें बाईच्या जातीला असायचेंच, असें म्हणून कामाला लागायचें. तोंवर जगभर समज असा होता कीं, खेड्यांतल्या बाईचें आरोग्य म्हणजे तिचें बाळंतपण आणि तिचें कुटुंबनियोजन. बाळंत नसतांना आणि ऑपरेशनच्या रांगेंत नसतांना बाईला शरीर असतें, हें या दोन खेड्यांनीं विद्वानांना शिकवलें.

सरकारी चित्रांतहि हेंच दिसेल. लाल त्रिकोण, हंसरे आईबाप, दोन गुटगुटीत मुलें. या चित्राची मी निंदा करीत नाहीं. १९६८ सालीं पंधरा पैशांत तीन निरोध दुकानांतून मिळूं लागले, हें गरिबावर मोठें उपकाराचें काम झालें. पण आणीबाणींत १९७६ सालीं पुरुषांना धरधरून नसबंदी झाली आणि तेव्हांपासून पुरुष या कामांतून जे बाहेर पडले ते बाहेरच राहिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत लग्न झालेल्या शंभर बायांत सुमारें ३८ जणींनीं शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली; पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर निभावणारीं जोडपीं हजारांत तीन. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाकेसुद्धां नकोत, दोन दिवसांत माणूस हिंडूं लागतो. तरी हजारांत तीन. हें कसें झालें, याचें उत्तर चित्रांतूनहि शोधतां येईल.

आणि मग बीड. आमचा गांव कृष्णाकांठचा, उसाचा. दिवाळी झाली कीं बीडकडच्या टोळ्या उतरतात आणि त्यांचीं मुलें दोन-चार महिने माझ्या वर्गांत बसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधींच उचल घेतलेली. बाईनें एक दिवस खाडा केला तर दंड कापला जातो. पहाटे तीन-चारला फडांत, डोक्यावर मोळी, गाडी भरायची, राहायला पालाची कोपी, न्हाणीला आडोसा नाहीं, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाहीं. तिसरींतल्या एका मुलीची आई मला सहज म्हणाली, "मास्तर, माझी पिशवी काढली, बरं झालं, कटकट गेली." मीं वय विचारलें. अठ्ठावीस.

एप्रिल २०१९ मध्यें एका इंग्रजी आर्थिक दैनिकानें बीडच्या बायांची ही गोष्ट छापली, आणि मग देशाचीं व परदेशाचीं पत्रें तेथें धांवलीं. सरकारनें समिति नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली; त्यांत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सहा बायांत एक. पाहणीच्या पद्धतींत व बायांच्या वयांत फरक असेल तो धरूनहि ताडून पहा: २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांत देशभर हें प्रमाण शंभरांत सुमारें तीन होतें. पुढें बीड जिल्ह्यांत खाजगी दवाखान्याला अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचा नियम लागला. हें वर्तमानपत्रांमुळें झालें. तें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

पण मीं मुलीला सांगितलें, तूं त्या बातम्यांतील क्रियापदें पहा. व्याकरण मीं शिकवलें आहे तुला. 'बाया गर्भाशय काढून घेतात' असें लिहिलें कीं कर्ती बाई झाली. तिनें कामासाठीं, पैशासाठीं आपल्या हातानें हें केलें. 'बायांचें गर्भाशय काढलें जातें' असें लिहिलें कीं कर्ता कोणीच नाहीं. जणूं पाऊस पडला. 'डॉक्टरानें काढलें' असें किती ठिकाणीं लिहिलें आहे? आणि ती बाई मुळांत डॉक्टरकडे गेली होती कशाला? कटकट घालवायला नव्हे. गेली होती अंगावरून पांढरें जातें म्हणून, ओटीपोट दुखतें म्हणून. यांतलें पुष्कळसें जंतूंचें दुखणें असतें. वेळेवर तपासणी झाली आणि नवरा-बायको दोघांनीं गोळ्या घेतल्या तर बरें होतें. तेथें तिला सांगितलें जातें, पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर तीस-चाळीस हजारांचें नवें कर्ज उभें राहतें, नवी उचल होते. अंडकोश काढला असेल तर तिशींतच म्हातारपणाचीं लक्षणें सुरू. हाडें ठिसूळ, अंगाची आग, कंबर कायमची जाते. तंबूवाल्यानें पोराला जें केलें तेंच येथें पांढऱ्या डगल्यांत झालें. फरक एवढाच कीं म्हैस पुन्हां विकत घेतां येते.

एवढा वेळ गप्प बसलेला तिचा बाप येथें बोलला. "हिच्या आईचीबी पिशवी काढली, गुरुजी. चार वर्सं झालीं. कागदावर सही माझी हाय. काय झालं हुतं म्हणून काढली, तें मला आजबी ठाऊक न्हाई. डॉक्टर म्हणाले, करा, केलं." मुलगी त्याच्याकडे पाहतच राहिली. आईची शस्त्रक्रिया झाली एवढें तिला माहीत होतें. कशासाठीं, हें तिनेंहि विचारलें नव्हतें. एम्. ए. च्या वर्गांत बसणाऱ्या मुलीनें नाहीं, सही करणाऱ्या नवऱ्यानें नाहीं.

या ठिकाणीं मला माझेंहि सांगितलें पाहिजे, नाहींतर हा लेख ढोंग ठरेल. २००७ सालीं शाळांतून लैंगिक शिक्षण देण्याचा कार्यक्रम आला आणि महाराष्ट्रासह कांहीं राज्यांनीं तो थांबवला. मी तेव्हां नोकरीला नवा होतों. बातमी वाचून मला खरोखर सुटल्यासारखें वाटलें. बरें झालें, आपल्याला कांहीं बोलावें लागणार नाहीं! त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीं सहावींतली एक मुलगी वर्गांत रडूं लागली, बांकावर डाग पडला होता. मीं दुसऱ्या मुलीबरोबर तिला घरीं धाडलें, बांक धुवून घेतला, आणि वर्गाला गणितें घातलीं. एक शब्द बोललों नाहीं. ती मुलगी पंधरा दिवस आली नाहीं. आली तेव्हां मागच्या बांकावर बसूं लागली. आणि सातवीनंतर तिची शाळा संपली. त्या दिवशीं दहा मिनिटें बोललों असतों तर तिची शाळा चालली असती कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. बोललों नाहीं, हें मात्र ठाऊक आहे. तेव्हां वर्तमानपत्रांवर बोट ठेवतांना माझें बोट स्वच्छ आहे असें मी म्हणत नाहीं.

मुलीला मीं म्हटलें, २००७ च्या त्या वादाचेहि अंक काढून पहा. सभागृहांतील गोंधळाला किती जागा मिळाली, आणि मुलांना नेमकें काय शिकवलें जाणार होतें हें सांगायला किती. आणि २००२-०३ च्या सुमारास मुंबईंत एड्सबद्दल 'बलबीर पाशा' नांवाच्या एका काल्पनिक माणसाचे फलक लागले होते, तेंहि पहा. लोकांच्या तोंडीं तें नांव इतकें बसलें कीं जाहिरात म्हणून तिची वाहवा झाली. पण पुष्कळ बायांनीं तिच्यावर आक्षेप घेतला. कारण त्यांत रोग येतो तो धंदा करणाऱ्या बाईकडून, आणि पुरुष तेवढा भोळा. मनांत ठसणारी जाहिरात खरी असतेच असें नाहीं.

शेवटीं आम्हीं विषय असा बांधला: एका तालुक्यांत वाचल्या जाणाऱ्या दोन मराठी दैनिकांचा एक वर्षाचा मजकूर. त्यांत गुप्तरोगाच्या व ताकदीच्या जाहिरातींना किती जागा, आणि बायांच्या पाळीच्या, पांढऱ्या जाण्याच्या, गर्भाशयाच्या दुखण्याबद्दल खऱ्या माहितीला किती. कोणत्या महिन्यांत जाहिराती वाढतात, तेंहि टिपायचें; मला वाटतें लग्नसराईच्या आधीं आणि सुगीचा पैसा हातांत आला म्हणजे वाढत असाव्यात, पण हें माझें वाटणें आहे, तिनें मोजून सांगावें. माझें खोटें ठरलें तरी चालेल. मग तेच कागद घेऊन न्हाव्याच्या दुकानांत बसायचें, बचत गटाच्या बायांत बसायचें, वाचून दाखवायचे आणि विचारायचें, यांतून तुम्हांला काय कळलें? पुरुषांत बसायला तिला अवघड. तें काम तिच्या चुलतभावानें करायचें कबूल केलें आहे. बायांत तिच्याबरोबर आशाताई जाईल. कोणाचें नांव लिहायचें नाहीं, कोणाचा फोटो काढायचा नाहीं, आणि ज्या बाईला दुखणें आहे असें बोलण्यांत येईल तिला नुसतें लिहून घेऊन सोडायचें नाहीं, दवाखान्यांत पोंचवायचें. बीडच्या बायांनीं कितीकांना आपली कथा सांगितली. त्यांतल्या किती जणी पुढें औषधाला लागल्या?

तिच्या अध्यापकांना हा विषय पसंत पडेल का, अशी तिला धास्ती आहे. शहरांत म्हणे पुस्तकांची मोठी यादी लागते आणि परदेशी पंडितांच्या उपपत्तीचा आधार लागतो. लागत असेल तर तिनें तो घ्यावा. शहाण्या माणसाचें ऐकायला हरकत नाहीं. पण मुतारीच्या भिंतीवरचा कागद तिनें सोडूं नये, आणि प्रबंध इंग्रजींत लिहावा लागला तर दहा पानांचा मराठी गोषवारा काढून गांवांत वाचून दाखवावा, असें मीं तिच्याकडून वचन घेतलें आहे.

राहिला बापाचा प्रश्न. सोयऱ्यांना काय सांगायचें? मीं म्हटलें, "सांगा, पोरगी वर्तमानपत्रांतलें खोटें मोजते." तो कांहीं बोलला नाहीं. उठला, चपला घातल्या आणि गेला. मला वाटलें, रागावला. मुलगीहि कावरीबावरी झाली. पाव तासानें तो परत आला तेव्हां त्याच्या हातांत त्याची पेटींतली पितळी बिजागरीची घडीची पट्टी होती. बापाकडून आलेली, आंकडे झिजलेले. त्यानें ती मुलीपुढें ठेवली आणि विचारलें, "हें रकाने का काय तें तूं इंचांत मोजणार का सेंटिमीटरांत? हिच्यावर दोन्ही हायत."